बाल्कनीतली फुलं चिकटवल्यासारखी का दिसतात?

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीत सहावा मजला, पश्चिमेकडे तोंड केलेली बाल्कनी, समोर खाडी. सरकत्या खिडकीबाहेर बॉक्स ग्रिल आणि तिच्यात बोगनवेल, जास्वंद, सदाफुली, ऑफिस टाइम, मोगरा, शिवाय एक तुळस. या खिडकीचं इंप्रेशनिस्ट (बदलता उजेड झटपट टिपणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांच्या) पद्धतीचं चित्र ॲक्रिलिकमध्ये करायला घेतलंय, मोबाइलवरच्या फोटोवरून. पण फुलं वरून चिकटवल्यासारखी दिसतात आणि हिरवा हमखास मळतो. नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने, ठिपके मारले तर बरं होईल का? ग्रिल ठेवायची की उडवायची? आणि चित्र एकाच बैठकीत संपवायला हवं का?

तुमचं चित्र आणि ज्यावरून ते केलं तो फोटो, दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. फुलं तुम्हाला येतात. उजवीकडचा बोगनवेलीचा झुपका तर चांगलाच जमलाय. बिघडलीय ती सावली. खरं सांगायचं तर चित्रात सावली नाहीच. कठड्याची आतली बाजू, कुंड्यांची पोटं, पानांमधली पोकळी, खिडकीची चौकट, सगळं एकाच मधल्या उजेडात रंगवलंय आणि त्यावर पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तशी फुलं पडली आहेत. फुलाला बसायला अंधार लागतो. तो नसला की रंग कितीही सुरेख लावा, फूल वरच तरंगत राहतं.

यातला निम्मा दोष मोबाइलचा. हल्लीचे फोन एका क्लिकमध्ये कमी-जास्त उजेडाचे बरेच फोटो घेतात आणि ते एकत्र करून आपल्याला एकच दाखवतात. त्यामुळे आकाश पांढरं जळत नाही आणि घरातला कोपराही काळा पडत नाही. वाढदिवसाच्या फोटोला हे छानच आहे. पण संध्याकाळी पाचला हॉलमधून खाडीकडे बघितलंत तर काय दिसतं? खिडकीच्या दोन्ही बाजूंची भिंत एकदम काळोखी. चौकटीची जाडी जेमतेम कळते. कुंड्या गडद, त्यांच्यावरचं नक्षीकाम दिसतच नाही. आणि बाहेरचं आकाश इतकं उजळ की थोडे डोळे बारीक करावे लागतात. ही तफावतच त्या खिडकीचा जीव आहे, आणि फोनने नेमकी तीच पुसून टाकलीय. तेव्हा फोटो ठेवा, पण फांदी कुठून कुठे जाते आणि कुंड्या किती, एवढंच त्याला विचारा. उजेडाबद्दल त्याचं काही ऐकू नका.

इंप्रेशनिझमबद्दल आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय: ठिपके मारायचे, कडा सैल ठेवायच्या आणि लांबून बघायचं, झालं. क्लासला येणारे बरेच जण पहिल्याच दिवशी विचारतात, "मॅडम, ते ठिपक्यांचं कधी शिकवणार?" ठिपक्यांचं काम जॉर्ज स्युरा या चित्रकाराचं. तो इंप्रेशनिस्ट मंडळींच्या १८८६ सालच्या शेवटच्या प्रदर्शनात आला, आणि त्याचं काम अगदी थंड डोक्याने, मोजूनमापून चालायचं. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत ज्यांनी पहिलं प्रदर्शन भरवलं, त्यांचा हात मोकळा दिसतो तो घाईमुळे. उजेड बदलायच्या आत रंग पकडायचा ही घाई. सूर्य तासाला १५ अंश सरकतो. पाऊण तासात ग्रिलची सावली कुंडीवरून उतरून लादीवर गेलेली असते. आधी वेळ ठरते, वेळेवरून उजेड-सावलीचा हिशोब ठरतो आणि त्या हिशोबात राहून भराभर काम करताना फटकारे आपोआप मोकळे होतात. उलटीकडून सुरुवात केली, म्हणजे आधी मोकळे फटकारे आणि उजेडाचं नंतर बघू असं केलं, तर हाती पसारा येतो.

म्हणून पहिला निर्णय वेळेचा आणि उभं राहायच्या जागेचा. तुमची बाल्कनी पश्चिमेची. सकाळी तिथे थेट ऊन नाही, फक्त आकाशाचा निळसर, शांत उजेड. चित्र होईल, पण मऊ होईल. दुपारी साडेतीननंतर ऊन समोरून येतं आणि आतून बघणाऱ्याला सगळी फुलं अगेन्स्ट लाइट दिसतात. माझं मत विचाराल तर हीच वेळ घ्या. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: डिसेंबरात सूर्य तुमच्या डाव्या हाताला, दक्षिणेकडे झुकून मावळतो आणि मे-जूनमध्ये उजव्या हाताला. त्यामुळे फेब्रुवारीत सुरू केलेलं चित्र मेमध्ये पुढे नेऊ म्हटलं तर सावल्या तिरक्या उलट्या बाजूने पडतील. (उत्तरेच्या खिडकीचा उजेड बदलत नाही हा युरोपातल्या स्टुडिओंचा नियम इथे जसाच्या तसा लावू नका. ठाणं-ऐरोली परिसर १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडं वर आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीतूनही थेट ऊन आत येतं.)

बाहेरून आत बघायचं असेल तर उलटा खेळ होतो: फुलं उन्हात आणि मागची खोली काळोखी. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराचं बाल्कनीचं चित्र, १८६९ च्या सालोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी प्रदर्शनात लागलेलं, असंच आहे. हिरवा कठडा, हिरवी झडप, पुढे पांढऱ्या कपड्यांतल्या दोन बायका, कोपऱ्यात कुंडीत हायड्रेंजिया आणि मागे खोलीचा जवळजवळ काळा चौकोन. तो चौकोन झाकून बघा, पुढचं सगळं ढासळतं. सहाव्या मजल्यावर बाहेरून बघायची सोय नाही हे मला कळतं. पण काळोख काय काम करतो ते समजायला हे चित्र चांगलं.

आता पाच वाजता बोगनवेलीचा एक झुपका जवळून बघू. ज्याला आपण फूल म्हणतो ती खरं तर तीन रंगीत पानं. फूल त्यांच्या मध्ये, बारकंसं, नळीसारखं, पांढरट. पानं कागदासारखी पातळ, त्यामुळे ऊन त्यातून आरपार येतं. जिथे एकच पान उन्हाच्या आड आहे तिथे रंग पेटलेला आणि गरम, राणी कलरकडून पोवळ्याकडे झुकलेला. जिथे दोन पानं एकावर एक आलीत तिथे तोच रंग दुप्पट गडद, पण अजून स्वच्छ. आणि जे पान तुमच्याकडे पाठ करून सावलीत आहे ते थंड, जांभळट, बरंचसं करडं. म्हणजे एका झुपक्यात तीन वेगळे रंग. तुमच्या चित्रात सगळीकडे एकच आहे, ट्यूबमधून आलेला, उजळ जागी पांढरा मिसळलेला. पांढऱ्याने मजेंटा उजळतो खरा, पण थंड आणि खडूसारखा होतो, पेटत नाही. पेटवायचा असेल तर त्या जागी आधी फिकट, कोमट पांढरा लावून वाळू द्या आणि वर मजेंटाचा पातळ थर द्या, त्यात नखभर केशरी. खालचा पांढरा वरच्या थरातून उजेड परत पाठवतो. ॲक्रिलिक पटकन वाळतं त्याचा हा सगळ्यात मोठा फायदा.

पानांचंही तसंच. वरून आकाश बघणारं पान निळसर करडं असतं, हिरवं म्हणण्याइतकंही नाही. ऊन आरपार येणारं पान पिवळं-पोपटी. दोन्ही एकाच फांदीवर, बोटभर अंतरावर. तयार सॅप ग्रीन घेऊन त्यालाच उजळ-गडद करत बसलं की हा फरक मरतो.

मोगऱ्याबद्दल मात्र तुम्हाला धक्का बसेल. आकाशासमोर धरलेला मोगरा पांढरा नसतो. आकाश त्याच्याहून किती तरी उजळ असतं, त्यामुळे फूल करडं दिसतं, पाकळ्यांच्या मुळाशी किंचित पोपटी आणि कडेला, जिथे पाकळी एकेरी आहे तिथे, पिवळसर उजळ. हातात पांढरं कागदाचं कपटं घेऊन खिडकीसमोर धरून बघा, लगेच पटेल. तुमच्या चित्रात मोगऱ्याला ट्यूबमधला शुद्ध पांढरा लागलाय आणि आकाश निळसर फिकट आहे. त्यामुळे मोगरा आकाशापेक्षा उजळ झाला आणि खिडकीबाहेर उजेड आहे ही गोष्टच खोटी ठरली. शुद्ध पांढरा अगदी शेवटी, एखाद-दोन ठिकाणी, तोही कुंडीच्या ओल्या काठावर किंवा ग्रिलच्या पत्र्यावर.

सावलीत काळा घालू नका हे तुम्ही ऐकलं असेल. काळ्याशी माझं वैर नाही. माने तो झकास वापरायचा. पण सावलीचा रंग शोधायची सवय लागेपर्यंत काळी ट्यूब बाजूला राहू द्या. बाल्कनीत सावल्या दोन जातीच्या असतात. आडव्या जागेवरची सावली, म्हणजे कट्ट्यावर कुंडीची पडते ती, वरचं आकाश बघते, म्हणून निळसर-जांभळी. उभ्या कठड्याच्या आतल्या बाजूची सावली उन्हात तापलेली लादी बघते, म्हणून तांबूस, खाली जास्त आणि वर कमी. लादी तुमच्याकडे विटकरी दिसतेय. मग तर ही सावली चांगलीच उबदार असणार. या दोन सावल्या शेजारी-शेजारी लागल्या की कट्ट्याला कोपरा आपोआप येतो, रेघ मारावी लागत नाही. अर्धा तास फक्त हे बघण्यात घाला, ब्रशला हात न लावता.

एका रंगाचा शेजारी बदलला की तो रंगच बदललेला भासतो, हे या चित्रकारांना ठाऊक होतं. शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलाँ या भिंतीवरचे विणलेले पडदे बनवणाऱ्या कारखान्यात धागे रंगवण्याच्या खात्याचा प्रमुख होता. काळे धागे पुरेसे काळे दिसत नाहीत अशी तक्रार त्याच्याकडे आली. तपासल्यावर धाग्यात खोट सापडली नाही, शेजारच्या रंगांमुळे ते फिके वाटत होते. यावरचं त्याचं काम १८३९ साली प्रसिद्ध झालं. आपल्या कामाचं यात एवढंच: बोगनवेल फिकी वाटली तर मजेंटा आणखी ओतू नका, तिच्या शेजारचं हिरवं करडं करा. जास्वंद उठत नसेल तर तिच्या मागे निळसर हिरवा गडद आणा. तुमच्या चित्रात जवळजवळ प्रत्येक रंग पूर्ण आवाजात ओरडतोय. माझ्या हिशोबाने अशा खिडकीत शुद्ध रंग पाचव्या हिश्शाहून जास्त जागा घेऊ लागले की चित्र बटबटीत होतं.

ग्रिल ठेवा. ग्रिल नसलेली बाल्कनी आपल्याकडे फक्त सॅम्पल फ्लॅटच्या ब्रोशरमध्ये असते. विनोद बाजूला, पण काइबोत या फ्रेंच चित्रकाराने १८८० साली एक चित्र केलंय त्यात बाल्कनीच्या लोखंडी जाळीची वेलबुट्टीच सगळा कॅनव्हास व्यापते आणि खालचा रस्ता, घोडागाडी तिच्या फटींतून अंधुक दिसते. जाळी हाच विषय. तुमच्या बॉक्स ग्रिलच्या उभ्या गजांनी फुलांच्या गोलाव्याला सरळ आधार मिळतो, तो सोडू नका. पण गज पट्टीने आखल्यासारखे वरपासून खालपर्यंत एकसारखे काढलेत ते चुकलं. नीट बघा: आकाशाच्या सगळ्यात उजळ भागासमोर गज बारीक होतो, कडेने उजेड त्याला खातो, आणि सूर्याच्या जवळ तर तो तांबूस होऊन मध्येच तुटल्यासारखा वाटतो. खाली झाडीसमोर आला की तोच गज पानांच्या गडदपणात बुडतो. दिसते ती फक्त कडेवरची एक उजळ रेघ, कधी तीही नाही. म्हणजे एकाच गजाचे तीन तुकडे. मधले तुकडे गाळा, बघणाऱ्याचा डोळा ते जोडून घेतो. रंगासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. आकाशासमोर निळा जास्त, सूर्याजवळ सिएना जास्त.

आणखी एक गोष्ट तुमच्याकडे आहे आणि तुम्ही वापरलीच नाही: सरकती खिडकी. एक पल्ला काचेचा, एक डासांच्या जाळीचा, आणि ऐरोलीत जाळीशिवाय संध्याकाळ काढायची कुणाची टाप आहे? पल्ले असे सरकवा की थोडा भाग काचेतून, थोडा जाळीतून आणि थोडा मोकळा दिसेल. काचेतून खाडी एक पायरी मंद आणि तुमची काच टिंटेड असेल तर तिच्या रंगाकडे झुकलेली. जाळीतून गडद आणि उजळ दोन्ही मधोमध येतात, सगळ्यावर राखी-जांभळट पडदा. मोकळ्या भागातली बोगनवेल मग न सांगता पुढे येते. जाळीच्या चौकड्या काढायला जाऊ नका. तेवढ्या पट्ट्यातले सगळे रंग फक्त एकमेकांच्या जवळ आणा.

आता मळण्याचं. रंग मळतो तो बहुतेक वेळा तीन-चार रंग एकत्र झाल्यामुळे. दोन रंग आणि पांढरा, यापुढे जायचं तर कारण हवं. उन्हातल्या पोपटीसाठी लेमन यलो आणि थेंबभर थॅलो ब्लू. थॅलो फार जोरकस, पिवळ्यात निळा घाला, निळ्यात पिवळा नको. सावलीतल्या पानासाठी अल्ट्रामरीन आणि यलो ऑकर, हवा तर पांढरा. अगदी गडद पोकळीसाठी थॅलो ब्लू आणि बर्न्ट सिएना. दुसरं कारण हाताचं: ओल्या रंगावर ब्रश पुन्हा पुन्हा फिरवणं. एकदा ठेवलेला फटकारा आवडला नाही तर चिंधीने पुसा किंवा वाळल्यावर वरून द्या. तिथल्या तिथे घोळू नका. तिसरं कारण पाण्याचा मग. दोन मग ठेवा, एक धुवायला, एक स्वच्छ, आणि ब्रश प्रत्येक वेळी जुन्या गंजीफ्रॉकच्या कापडावर पुसा. हिरव्यातून आलेला ब्रश मजेंटात गेला की संपलं. ते दोन एकमेकांना मारतात. म्हणून फुलांचा ब्रश वेगळाच ठेवा.

ॲक्रिलिक वाळल्यावर एखादी छटा गडद होतं, कारण त्यातला बाइंडर (रंगाची भुकटी धरून ठेवणारा चिकट घटक) ओला असताना दुधाळ असतो आणि वाळल्यावर पारदर्शक होतो. आकाशाचा रंग तुम्हाला दुसऱ्या दिवशी उतरलेला वाटला, तो यामुळे. कागदाच्या कडेवर पट्टी मारून वाळू द्या, मग ठरवा. एप्रिल-मेमध्ये पंख्याखाली रंग पॅलेटवर बघता बघता कातडं धरतो. पसरट डब्याच्या झाकणात ओला स्पंज कापड, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग. काम थांबलं की डबा बंद. महागड्या पॅलेटची गरज नाही. पावसाळ्यात उलटं होतं, दमटपणामुळे थर रेंगाळतो आणि कॅनव्हास सैल पडतो. तेव्हा लाकडी पाटीवर किंवा बोर्डावर काम केलेलं बरं.

चित्र उभं कसं करायचं ते माझ्या पद्धतीने सांगते. कॅनव्हास १२ बाय १६ इंचांहून मोठा नको. पांढऱ्यावर पातळ यलो ऑकर आणि किंचित जांभळा मिसळून फिकट, कोमट राखाडी अस्तर द्या. गडद अस्तर इथे नको, आकाश पेटायचं आहे. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने फक्त तीन छटांचं छोटं चित्र: पांढऱ्यात आकाश-पाणी; करड्यात फुलं, पानं, उन्हातला कट्टा; काळ्यात चौकट, भिंत, कुंड्यांची पोटं आणि पानांमधल्या पोकळ्या. डोळे अर्धे मिटून बघायचं आणि जे एकमेकांत मिसळतं ते एकच धरायचं. हे कागदावर बसेपर्यंत रंग उघडायचाच नाही. इथे तुम्हाला दिसेल की गडद भाग निम्म्याच्या आसपास जागा घेतोय. तेवढा घेऊ द्या. हात आखडता घेतलात की पुन्हा पहिले पाढे.

कॅनव्हासवर सगळ्यात आधी तो गडद लावा, रुंद चपट्या ब्रशने, दहा नंबरपेक्षा लहान नको. मग आकाश आणि खाडी. मार्चअखेरीला पलीकडचं मुलुंड-भांडुप आणि त्यामागचे डोंगर धुरकट दुधाळ दिसतात. आकाश, डोंगर आणि शहर हे तीन थर एकमेकांपासून जेमतेम वेगळे ठेवा, वरचा थोडा निळसर, खालचा थोडा गुलाबी राखाडी. खारफुटीचा पट्टा तेवढा जरा गडद. मागचं जितकं मंद राहतं, पुढच्या फुलांना तितकं काम कमी. यानंतर पानं, सुटी सुटी न काढता ढिगाने. आणि या टप्प्यावर थांबून लांब जाऊन बघा: एकही फूल नसताना खिडकी खिडकी दिसतेय का? बाहेर ऊन आहे हे कळतंय का? नसेल कळत तर फुलं ते दुरुस्त करणार नाहीत.

फुलं शेवटी, आणि थोडी. बोगनवेलीच्या सबंध झुपक्याचा एक मधला रंग, त्यात सावलीचा जांभळा, त्यात आरपार उन्हाचे मोजके फटकारे, आणि कुठे तरी चार-पाच पानांचा आकार नेमका. बाकीच्यांचा आकार हरवू द्या, विशेषतः जिथे फुलाची आणि मागच्याची छटा सारखी आहे तिथे कड ठेवूच नका. चिकटवल्यासारखं दिसण्यात सगळीकडे सारख्या धारदार कडांचाही मोठा वाटा असतो. क्लोद मोने या इंप्रेशनिस्ट चित्रकाराने १८६७ साली फ्रान्समधल्या सेंट-ॲड्रेसच्या समुद्रकाठच्या गच्चीचं चित्र केलं, तेही फुलं पुढे आणि पाणी मागे असंच. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे आणि त्यांच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट बघता येतं. लाल फुलांवर झूम करून बघा: एकेक फूल म्हणजे दोन-तीन फटकारे, खाली मात्र गडद हिरवा व्यवस्थित बसवलेला.

तुमच्या फोटोतली एक गंमत सांगते. ऑफिस टाइमची फुलं त्यात टक्क उघडी आहेत आणि चित्रात तुम्ही ऊन संध्याकाळचं दाखवलंय. ऑफिस टाइम संध्याकाळी उघडा कुठे असतो! सकाळी नऊ-दहाला उमलतो आणि दुपार कलली की मिटतो. जास्वंदही पाचपर्यंत मिटायला लागते. संध्याकाळच्या चित्रात बोगनवेल आणि सदाफुली खरी, मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या खऱ्या, आणि गुलबक्षी असेल तर तीच वेळ तिच्या उमलण्याची. बागकाम करणारी कुणीही बाई हे एका नजरेत पकडेल. जास्वंद हवीच असेल तर मिटत आलेली काढा, गुंडाळलेल्या पाकळ्यांवर उन्हाची रेघ फार देखणी पडते.

एका बैठकीत संपवायची सक्ती कुणी केली नाही. मोनेने फ्रान्समधल्या रुआँ शहराच्या कथीड्रलची तीसच्या वर चित्रं १८९२ आणि १८९३ मध्ये समोरच्या खोल्यांतून केली. उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा, तोच उजेड परत आला की आधीचा पुढे घ्यायचा. आणि तरीही घरी नेऊन ती पुढे बराच काळ हाताळली. त्यातली वीस १८९५ मध्ये प्रदर्शनात लागली. तुम्हीही पाचची वेळ धरून रोज पाऊण तास बसा. ढगाळ दिवस आला तर त्या चित्राला हात लावू नका, दुसरा छोटा कॅनव्हास घ्या.

नाइफचं उत्तर: आत्ता नको. नाइफने जाड रंग येतो, त्याला स्वतःची सावली पडते आणि तुमची फुलं आणखी वर येतील, जे आधीच जास्त आहे. सगळं जमल्यावर कुंडीच्या काठाला किंवा खाडीच्या चकाकीला एखादा हात मारा.

काय गाळायचं? एसीचं बाहेरचं युनिट गाळा. दोरीवरचा पिवळा टॉवेल ठेवा, सावलीत तो सुंदर मातकट होतो आणि सबंध डाव्या बाजूला दुसरा उबदार रंग नाही. रंगाची बादली कापून केलेली कुंडी ठेवा, तिच्यावरची अक्षरं नको. फ्लेमिंगो दिसतात म्हणून ते घालायचा मोह होईल. खाडीतला गुलाबी ठिपका बोगनवेलीशी भांडेल आणि बघणारा पक्षीच मोजत बसेल. तुळस आकाराने नाजूक आहे, तिला आकाशासमोर सावलीसारखी ठेवा.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण फुलांची चित्रं करणाऱ्याने तो टाळू नये. ट्यूबवर "मजेंटा" किंवा "रोज" लिहिलंय यावर जाऊ नका, पाठीमागचा पिगमेंटचा नंबर बघा. पीव्ही १९ किंवा पीआर १२२ असेल तर रंग टिकाऊ. काही स्वस्त आणि झगमगीत गुलाबी रंग उजेडात उडतात. व्हॅन गॉगने १८९० च्या मेमध्ये रंगवलेले गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. ते गुलाबी होते. त्याने वापरलेला लाल ‘लेक’ प्रकारचा रंग, म्हणजे विरघळणाऱ्या रंगापासून बनवलेला, उडून गेला. तुमच्या हॉलमध्ये संध्याकाळचं ऊन थेट आत येतं, तेव्हा चित्र त्या उन्हाच्या वाटेतल्या भिंतीवर टांगू नका, टीव्हीच्या बाजूची भिंत चालेल. ॲक्रिलिकला काच लागत नाही, वाळल्यावर ॲक्रिलिकचंच व्हार्निश पुरे. आणि तुमच्याकडच्या ट्यूबवर काय नंबर आहेत ते लिहून पाठवा, कोणता ठेवायचा आणि कोणता फेकायचा ते सांगते.